बी, माती आणि परळमधले उंदीर

आत्याचा बायोप्सीचा रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या एका कॉलवर होतो. कॅमेरा बंद केला आणि फाइल उघडली. दोन पानं. त्यातलं मला एकच वाक्य कळलं, ते म्हणजे गाठ कॅन्सरची आहे. खाली तीन खुणांचा तक्ता होता: ईआर, पीआर, हर-टू. पुढे पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह.

आत्या फोंडाघाटला असते. घाटाच्या पायथ्याशी घर, मागे थोडी शेती, चार काजूची झाडं. गाठ तिला आठ महिने माहीत होती. का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाली, "दुखत नाय होती, म्हणान सांगूक नाय." याच्यावर काय बोलणार? आमच्या धंद्यातही तेच असतं. एरर येत नाही तोवर सर्व्हर ठीक आहे असंच सगळे धरून चालतात.

त्या रात्री मी इंजिनिअर लोक करतात तेच केलं. तीन वाजेपर्यंत वाचत बसलो. वाचता वाचता एक चौथी खूण सापडली, जी रिपोर्टमध्ये नव्हती: सीडी४४ असलेल्या आणि सीडी२४ नसलेल्या पेशी. 'कर्करोगाच्या मूळपेशी'. म्हणे कॅन्सर पसरवतात त्या याच. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "ही टेस्ट का केली नाही?" ते शांतपणे म्हणाले, "करता येईल. पण उत्तर काहीही आलं तरी मी औषध तेच देणार आहे."

मला राग आला होता. इतकी प्रसिद्ध खूण आणि तिचा उपयोग शून्य? हा लेख त्या रागातून सुरू झाला. पुढचे काही महिने या खुणांचा इतिहास वाचत गेलो आणि तो इतिहास फिरून फिरून आपल्याच परळला येऊन पोचला.

यकृतात २४१, प्लीहेत १७

स्तनातली गाठ सहसा स्तनात राहून माणसाला मारत नाही. मारतं ते तिचं पसरणं. हाडात, यकृतात, फुप्फुसात, मेंदूत. मग प्रश्न असा, की ती तिथेच का जाते?

एकोणिसाव्या शतकात बऱ्याच जणांना वाटायचं की हा रक्ताच्या वाहण्याचा खेळ आहे. रक्त जिथे नेईल तिथे पेशी अडकतील. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जननं 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यानं तपासल्या होत्या. यकृतात कॅन्सर पोचल्याची उदाहरणं २४१, प्लीहेत फक्त १७. रक्त तर दोन्हीकडे जातं! तेव्हा फरक नुसत्या वाटेचा नाही, असं त्यानं मांडलं. झाडाचं बी चहूकडे उडतं, पण रुजतं मात्र योग्य जमिनीतच.

ही 'बी आणि माती'ची कल्पना मी आत्याला फोनवर सांगितली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "बी पडता सगळीकडे, पण रुजता थयच रुजता," ती म्हणाली. जन्मभर तरवा काढून लावणी केलेल्या बाईला हे पॅजेटनं कशाला सांगायला हवं!

पण सर्जन लोकांना ते पटायला फार वेळ लागला. अमेरिकेतल्या विल्यम हॉलस्टेडचा विचार सरळ होता: कॅन्सर मधून बाहेर क्रमाक्रमानं पसरतो, म्हणून जितकं जास्त कापाल तितकं चांगलं. स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं. ही शस्त्रक्रिया सत्तर-ऐंशी वर्षं जगभर चालली. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या गटानं मोठी चाचणी सुरू केली आणि तिच्यात दिसलं की इतकं कापून स्त्रिया जास्त जगत नाहीत. ज्यांचा कॅन्सर पसरायचा असतो, त्यांच्यात तो बहुधा शस्त्रक्रियेच्या आधीच बाहेर पडलेला असतो.

दरम्यान १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या रक्तात किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या आणि मोजदाद केली. चोवीस तासांनी हजारात एकही पेशी धड जिवंत नव्हती. म्हणजे बाहेर पडणाऱ्या बहुतेक पेशी मरतातच. जी एखादी उरते, तिच्यात वेगळं काय असतं? ती नशीबवान असते, की मुळातच वेगळी?

परळ

आमच्या गावात कॅन्सर हा शब्द फारसा कोणी उच्चारत नाही. "टाटाक नेल्यानी" एवढं म्हटलं की समजायचं. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये उघडलं. आजूबाजूला गिरण्या, चाळी आणि त्यांत आमच्याकडचे चाकरमानी. त्यामुळे कोकणी माणसाला टाटा परकं कधीच नव्हतं. रुग्णासोबत आलेल्यांना उतरायला परळ-लालबागच्या एखाद्या खोलीत भाऊबंद असायचाच.

या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळांचा कारभार सुरुवातीपासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होता. आडनाव आमच्या जिल्ह्यातलं, वेंगुर्ला तालुक्यातल्या खानोलीवरून आलेलं. भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. त्यांची नजर मायक्रोस्कोपच्या बाहेरही जायची. कोणत्या समाजात कोणता कॅन्सर जास्त आणि त्याचं तिथल्या चालीरीतींशी काय नातं, हे ते तपासत. धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेवर जिथे घासते तिथे होणाऱ्या कॅन्सरची नोंद त्यांनी केली. मुंबईच्या हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर जास्त, तर पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा जास्त, हेही त्यांनी दाखवलं. एकच शहर, एकच हवा, मग असं का?

खानोलकरांच्या हाताखाली याच सुमारास एक तरुण संशोधक काम करत होती. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. कमलताईंनी यातलं काहीच केलं नाही. वनस्पती आणि प्राणिशास्त्र घेतलं, सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर एमएस्सी केलं आणि लग्न केलं ते ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

गाय हे नाव कदाचित ओळखीचं नसेल, पण १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या 'हीला' पेशी वाढवणारी प्रयोगशाळा ती हीच. त्या पेशी शरीराबाहेर आजही वाढताहेत. त्या घेताना त्या बाईला कोणी विचारलं नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं.

पेशी काचेत जिवंत ठेवायची विद्या घेऊन रणदिवे परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांनी परळमध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं आणि तिथे रणदिवेंनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा सुरू केली. पेशी वाढवणं म्हणजे बरणीत लोणचं घालून ठेवण्यासारखं नसतं. तापमान जरा हललं, एखादा जंतू शिरला, तर कित्येक आठवड्यांचं काम एका रात्रीत जातं.

दुधातली खूण

रणदिवेंचा मुख्य विषय होता उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर. त्यामागे एक जुनं कोडं होतं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन बिटनरला दिसलं, की ज्या जातीच्या उंदरांमध्ये हा कॅन्सर खूप होतो, त्यांची पिल्लं जन्मताच दुसऱ्या जातीच्या उंदरीला पाजायला दिली तर त्यांच्यात कॅन्सर खूप कमी होतो. म्हणजे दोष नुसता रक्तात नाही, दुधातून काहीतरी जातंय. पुढे ते 'काहीतरी' म्हणजे एक विषाणू असल्याचं सिद्ध झालं.

रणदिवेंच्या गटानं मुंबईत स्वतःची उंदरांची जात वाढवली. तिचं नाव संस्थेवरूनच पडलं, आयसीआरसी. या जातीच्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणात होत. त्यातून त्यांनी मांडलं ते असं: एकटा विषाणू पुरेसा नाही आणि एकटी आनुवंशिकताही नाही. संप्रेरकं आणि विषाणू यांचं आपसात कसं जमतं, यावर उंदरीला गाठ होणार की नाही हे ठरतं. पुन्हा बी आणि माती. फक्त या वेळी माती म्हणजे शरीरातली संप्रेरकं.

आता खानोलकरांचं निरीक्षण आठवा. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त, आणि हा समाज पिढ्यान् पिढ्या आपसात लग्नं करणारा. उंदरात विषाणू दुधातून जातो, मग माणसात?

१९७१ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या डॅन मूर यांचा गट त्यात होता, तसेच परळच्या सत्यवती शिरसाट आणि जे. सी. पेमास्टरही होते. शिरसाट म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घेऊन कॅन्सरची पेशी बघणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक. मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. उंदरातल्या विषाणूसारखे दिसणारे कण त्यांत इतर स्त्रियांच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडले.

तेव्हाचा उत्साह कसा असेल बघा. खूण मिळाली! आता फक्त लस बनवायची बाकी.

पण तसं झालं नाही. कण दिसले म्हणून तेच कारण आहेत हे सिद्ध करता आलं नाही. दुधातून माणसात स्तनाचा कॅन्सर जातो याला आधार मिळाला नाही. उलट अंगावर पाजल्यानं आईचा धोका थोडा कमीच होतो, हे पुढे पक्कं झालं. उशिरा लग्न, पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, या साध्या गोष्टी धोका वाढवतात हेही समोर आलं, आणि पारशी समाजात त्या पूर्वीपासून जास्त होत्या. १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली होती. अशा गोष्टी त्या कंटाळवाण्या रजिस्टरांतून हळूहळू उमगत गेल्या.

मी हे वाचलं तेव्हा डॉक्टरांवरचा माझा राग पहिल्यांदा थोडा उतरला. लॉगमध्ये दिसणारी प्रत्येक विचित्र ओळ बगचं कारण नसते. हे मी ज्युनिअर पोरांना दर आठवड्याला सांगतो. आत्याच्या बाबतीत मीच ते विसरलो होतो.

शंभर पेशी

आता ती चौथी खूण.

प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या आवरणावर शेकडो प्रकारचे रेणू असतात. १९८२ मध्ये पॅरिसला शास्त्रज्ञ जमले आणि या रेणूंना 'सीडी' असं नाव आणि क्रमांक द्यायचं ठरलं. सीडी४४ हा त्यातला एक. भोवतालच्या चिकट जाळ्याला पेशी ज्यानं धरते, तो हात म्हणा हवं तर. सीडी२४ दुसरा. हे रेणू कॅन्सरचे नव्हेत. निरोगी पेशींवरही असतात.

२००३ मध्ये मिशिगन विद्यापीठात मायकेल क्लार्क यांच्या प्रयोगशाळेत मुहम्मद अल-हज्ज आणि सहकाऱ्यांनी स्तनाचा कॅन्सर असलेल्या नऊ स्त्रियांच्या पेशी घेतल्या. बहुतेक नमुने फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातले, म्हणजे आधीच पसरलेल्या आजारातले. खुणांप्रमाणे पेशी वेगळ्या केल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना टोचल्या. सीडी४४ असलेल्या आणि सीडी२४ नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या शंभर पेशींनीही उंदरात गाठ तयार झाली. बाकीच्या पेशी हजारोंनी टोचूनही काही झालं नाही. नऊपैकी आठ रुग्णांमध्ये हेच.

शेतात लव्हाळा बघितलाय तुम्ही? वरची पात कितीही कापा, आठवड्यात परत वर. कारण खाली मातीत बारीक काळ्या गाठी असतात. औषधानं कॅन्सर आटला आणि चार वर्षांनी परत आला, असं का होतं, याचं उत्तर या कल्पनेत होतं. आपण पात कापत होतो. गाठ खाली होती.

भारतातही हे काम लगेच सुरू झालं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. मी सेनापती बापट रोडवरून रोज त्या बाजूनं जातो. तिथे शर्मिला बापट यांच्या गटानं २००५ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरमधल्या मूळपेशींसारख्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या. पोटात साचलेल्या पाण्यातून त्यांनी त्या मिळवल्या होत्या.

पण त्याच वर्षी एक जर्मन अभ्यास आला. शंभरावर स्त्रियांच्या गाठींमध्ये या खुणेच्या पेशी मोजल्या होत्या. त्या जास्त असलेल्या स्त्रिया लवकर दगावतात असं दिसलं नाही. दूरवर, विशेषतः हाडात पसरण्याशी मात्र त्यांचा संबंध असावा असं वाटलं. म्हणजे खूण काहीतरी सांगत होती, पण अर्धवट.

२००८ मध्ये आणखी दोन धक्के बसले. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत सेंदुराई मणी यांनी दाखवलं, की स्तनाच्या साध्या पेशीला जागा सोडून हिंडणाऱ्या पेशीचं रूप घ्यायला लावलं, की तिच्यावर हीच खूण उमटते आणि ती मूळपेशीसारखी वागू लागते. म्हणजे 'मूळपेशी' ही जात नव्हे, अवस्था आहे. आज नसलेली उद्या होऊ शकते. सगळ्या मारल्या तरी उरलेल्यांतून नव्या तयार होतील. पातीतूनच गाठ तयार होणारा लव्हाळा!

दुसरा धक्का त्वचेच्या कॅन्सरचा होता आणि तोही मिशिगनमधूनच आला. शॉन मॉरिसन यांच्या गटानं आणखी दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले, तर सुमारे चारातली एक पेशी गाठ बनवू शकली. जुन्या उंदरांत हे प्रमाण लाखात एखाद्या पेशीसारखं दुर्मीळ दिसायचं. बी तेच होतं, फक्त माती बदलली होती. स्तनाच्या कॅन्सरला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पण आपण जे 'बियाचा गुण' म्हणून मोजतो त्यात मातीचा किती वाटा आहे, हा पॅजेटचा प्रश्न एकशे एकोणीस वर्षांनी पुन्हा पुढ्यात आला.

कामाची खूण

मग आत्याच्या रिपोर्टमधल्या तीनच खुणा का? कारण त्या प्रत्येकीमागे एक निर्णय आहे. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन संप्रेरक पकडणारा रेणू. तो असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी काम करते. हर-टूची खूण १९८७ मध्ये वाईट लक्षण म्हणून समोर आली, पण तिची दहशत कमी झाली ती १९९८ मध्ये तिच्यावर नेम धरणारं औषध मिळाल्यावर. सीडी४४-सीडी२४ च्या मागे अजून तसं औषध नाही. ती संशोधनाची खूण आहे, उपचाराची नाही. डॉक्टर एका वाक्यात बोलले ते हेच होतं.

पसरण्याविरुद्धची लढाई दुसऱ्या वाटांनीही चालते आणि त्यातल्या दोन पुन्हा परळच्याच आहेत. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांमध्ये सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, दाताच्या डॉक्टरकडे मिळतं तेच बधिरतेचं स्वस्त औषध. कल्पना अशी, की चाकू लागताना पेशींना जी हालचालीची चिथावणी मिळते ती यानं रोखावी. २०२३ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. फरक लहान वाटतो, पण शंभरात जवळजवळ चार बायका म्हणजे चार घरं.

दुसरी चाचणी १९९८ मध्ये सुरू झाली. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हातानं स्तनतपासणी करत. मॅमोग्राफी नाही, मशीन नाही. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल छापून आला. पुढच्या टप्प्यावर पोचलेले कॅन्सर तपासणी झालेल्यांमध्ये ३७ टक्के, इतरांमध्ये ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू कमी झाले नाहीत, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं.

पंचावन्न वर्षांच्या आत्याकडे आठ महिन्यांत असा हात फिरवणारी कोणी आली असती तर? हा प्रश्न मी आता फार वेळ धरून ठेवत नाही. पण तो जातही नाही.

कमल रणदिवे यांनी १९७३ मध्ये सहकारी स्त्रियांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली आणि निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करत राहिल्या. १९८२ मध्ये पद्मभूषण, २००१ मध्ये मृत्यू. ८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलच्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र होतं. मी तेव्हा नोकरीत होतो, ते पान दिवसात शंभरदा उघडलं असेल. चित्रावर एकदाही क्लिक केलं नाही.

आत्याचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनही झालं. आता रोज एक गोळी, ती बरीच वर्षं चालायची आहे. पुढचं कोणी सांगू शकत नाही. तिच्या हाडात किंवा यकृतात एखादी पेशी निजून आहे की नाही, हे सांगणारी खूण अजून कोणाकडे नाही.

गेल्या जूनमध्ये गेलो तेव्हा ती परसात बसून खुरप्यानं लव्हाळा काढत होती. डाव्या हातानं, कारण उजव्या हाताला सूज येते. शेजारची वहिनी गप्पा मारायला आली. चहा झाला, पावसाचं झालं, काजूच्या दराचं झालं. मग आत्यानं खुरपं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर, जराही आवाज न चोरता, तिला विचारलं, "तू बघतंस मा गो कधी? गाठ-बिठ?"

वहिनी लाजून हसली. म्हणाली, काही दुखत नाही.

"दुखना नाय तरी दाखव," आत्या म्हणाली आणि परत कामाला लागली.